आई आली की बसायचं

बुटाचा तळ खोटं बोलत नाही, हे तिला दुकानात लागल्या लागल्याच कळलं होतं. गिऱ्हाईक छातीठोकपणे सांगतं, "छे हो, घरातल्या घरात घालतो तो," आणि तळात रुतलेली खडी सांगते की कार्ट्याने रस्त्यावर दोन सामने खेळलेत. लहान मुलांच्या बुटांच्या विभागात ती दिवसभर बुटक्या स्टुलावर बसायची, एकेक इवलं पाऊल मांडीवर घ्यायची, अंगठ्याने बुटाचं टोक दाबायची आणि म्हणायची, "अजून अर्ध्या बोटाची जागा हवी." हात असे सवयीचे झालेले. म्हणूनच सुट्टीच्या दिवशी खिडकीतली फळी पुसताना तिने तिथले चिमुकले निळे बूट उचलले आणि काही कारण नसताना उलटे करून पाहिले. पाहिले मात्र, तिच्या हातातलं फडकं खाली पडलं.

टाचा झिजल्या होत्या.

टोकं झिजली असती तर तिने दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं. रांगणारं पोर पाय मागे ओढतं, टोकं घासतात. टाच झिजते ती चालण्यानेच. आणि पाय फाकवून थपाथप टाकणारं नवशिकं पोर असेल तर बाहेरच्या कडेने. इथे नेमकं तेच झालं होतं, आणि उजवी टाच डावीपेक्षा जरा जास्तच. कुणीतरी हे बूट चांगले दणकून वापरत होतं.

ज्याच्यासाठी ते आणले होते तो गबदू, तिचा एकुलता एक मुलगा, दीड वर्षाचा व्हायला आलेला, समोर चटईवर बैठक मारून वर्तमानपत्राचा कोपरा चघळत होता. बसण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती संध्याकाळी दुकानातून यायची तेव्हा तर हा दाराकडे तोंड करून असा ऐसपैस बसलेला असायचा, की जणू फोटो काढायला बसवलाय. तिला पाहून हसायचा, टाळ्या वाजवायचा, दोन्ही हात पसरायचा. पण उठायचं नाव नाही.

दुकानात येणाऱ्या आया तिच्या डोक्यावर उभं राहून बोलायच्या. "आमची दहाव्या महिन्यातच चालायला लागली बाई." "आमचा तर थेट पळायलाच लागला!" ती मान खाली घालून बुटाचे बंद बांधायची. रात्री नवऱ्याला म्हणायची, "अरे, त्याच्या पायांत काही दोष तर नसेल?" आणि नवरा म्हणायचा, "चालेल गं. घाई काय आहे?" सासूबाईंचंही तेच. "चालेल हो. आयुष्यभर चालायचंच आहे त्याला." घरात सगळे इतके निवांत, की तिला वाटायचं, काळजी करायचं कंत्राट आपल्या एकटीलाच मिळालंय की काय? शेवटी तिने कुणाला न विचारता मुलांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि घरात नुसतं सांगून टाकलं. उद्या संध्याकाळची. आणि आज ह्या टाचा.

सासूबाई स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. तिने बूट त्यांच्या नाकासमोर धरले.

"आई, हे कोण घालतं?"

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कोण घालणार? शोभेला ठेवलेत तूच."

"टाचा बघा. खलास झाल्यात."

"अगंबाई!" सासूबाई बुटांकडे न पाहताच म्हणाल्या. "उंदीर कुरतडत असेल मेला."

"फक्त टाचा? त्याही बाहेरच्या बाजूने?"

"आता उंदराला कोण विचारायला जाणार, बाई, तू असंच का खाल्लंस म्हणून?" आणि त्या इतक्या वेगाने मटार सोलायला लागल्या की अर्धे दाणे जमिनीवर.

नवरा पोस्टमन. भल्या पहाटे निघायचा, दुपारी जेवायला घरी. त्याला विचारलं तर तो दाढी करता करता थबकला. "तुमच्या मालकीणबाईंनी वापरलेले बूट खपवले असतील तुला. सवलतीत काय मिळणार?"

"मी स्वतः खोक्यातून काढलेत. टाचांना कागद गुंडाळलेला होता."

"मग खोकंच वापरलेलं असेल," असं काहीतरी बरळून त्याने तोंडावर इतका फेस थापला की पुढचं काही विचारताच येईना.

तिला चैन पडेना. उंदीर नाही, खोकं नाही. मग राहिलं काय? राहिलं एकच. आपण दुकानात असताना ह्या घरात दुसरं कुठलं तरी मूल येतं. सासूबाईंचा जीव मोठा, कुणाची अडचण पाहिली की "ठेव इथे" म्हणायच्याच. त्यांनी कुणाचं तरी पोर सांभाळायला घेतलंय आणि गबदूचे बूट त्याच्या पायांत घालतात. ते पोर ह्या खोलीत ठुमकत फिरतं, आणि आपला बिचारा चटईवर बसून बघत राहतो. हा विचार आला आणि तिने गबदूला उचलून कडेवर घेतलं. मग रागही आला. तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मालकीणबाईंना "पटकन जाऊन येते" म्हणाली आणि जेवणाचा डबा न उघडताच घराकडे सुटली.

त्यांचं घर वरच्या मजल्यावर. खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि दुकानाच्या कडेने वर जाणारा जिना. घड्याळवाले काका एकटे, म्हातारे, सगळ्यांच्या उपयोगी पडणारे. सासूबाई भाजीला गेल्या की गबदूला तासभर तेच सांभाळायचे. ती जिन्याकडे वळणार, तेवढ्यात दुकानाच्या काचेतून तिला दोन छोटे पाय दिसले.

काउंटरच्या खालून चालत येणारे. निळे बूट. "सापडलं!" ती मनात ओरडली. हेच ते पोर! कपाळ काचेला टेकवून तिने पाहिलं. आणि सवय कुठे जाणार, आधी पायच पाहिले. पावलं किंचित बाहेर फाकलेली. भार उजव्या टाचेवर जास्त. म्हणजे बूट झिजवणारा हाच, शंकाच नको. चाल मात्र छान स्थिरावलेली, वळतानाही तोल जात नव्हता. चांगलं मुरलेलं पोर होतं. हातात भिंतीवरच्या घड्याळाची किल्ली होती आणि ती ते एखाद्या जबाबदार नोकरासारखं काकांकडे पोचवत होतं. मग तिची नजर गुडघ्यांवरून पोटावर गेली. पोटावरून चेहऱ्यावर.

तो तिचाच होता.

बाहेरून गाड्या जात होत्या, कुणीतरी "जरा बाजूला व्हा" म्हणालं, तिला काही ऐकू आलं नाही. तिचे पायच जमिनीला चिकटले. चालता येणारे पाय असून ती हलू शकत नव्हती, आणि ज्याच्या पायांसाठी तिने इतके दिवस डोळ्यांतून पाणी काढलं, तो काचेपलीकडे येरझाऱ्या घालत होता. किल्ली दिली, स्क्रूड्रायव्हर घेतला, परत निघाला. कसं शक्य आहे? सकाळी तिने त्याला बगलेत हात घालून उचलून बसवलं होतं!

तिने दार ढकललं. दारावरची घंटी किणकिणली. गबदूने वळून पाहिलं, आणि त्याचा चेहरा दिवा लागल्यासारखा उजळला. आता धावत येईल म्हणून ती खाली वाकली.

गबदू धपकन खाली बसला.

बसला, दोन्ही पाय पुढे पसरले, स्वतःच टाळ्या वाजवल्या, आणि मग उजवा तळवा काकांपुढे केला. काकांचा हात आपसूक बिस्किटांच्या डब्याकडे गेला आणि अर्ध्यावर थिजला.

"पोरी," काका म्हणाले. डोळ्याला लावलेलं भिंग तसंच होतं, त्यामुळे त्यांचा एक डोळा बशीएवढा दिसत होता. "तू? आत्ता?"

"काका, हा चालतो!"

"चालतो?" काकांनी भिंग काढलं. "अरे वा! आत्ताच चालला बघ! पहिल्यांदाच! काय योग आहे!"

"पहिल्यांदा चालणारं मूल हातात किल्ली घेऊन वळण घेत नाही, काका."

काका भिंग पुसायला लागले. भिंतीवरची झाडून सारी घड्याळं टिकटिकत राहिली.

तेवढ्यात सासूबाई भाजीची पिशवी घेऊन दारात. सुनेला पाहिलं, खाली बसलेल्या नातवाला पाहिलं, काकांचं उतरलेलं तोंड पाहिलं. "हिला काय सांगितलंत तुम्ही?" त्या काकांवर कडाडल्या.

"मी कशाला सांगू? म्हणजे, वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"मला माहीत होतं म्हणजे? तुम्हाला कसं माहीत?"

आणि नेमका त्याच वेळी, खांद्याला रिकामी झालेली टपालाची थैली अडकवून, नवरा आत आला. त्याने तिघांना पाहिलं आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं पहिलंच वाक्य बोलला, "हे बघ, मी तुला ह्या रविवारी सांगणारच होतो!"

"अरे गाढवा," सासूबाई म्हणाल्या, "तुलाही?"

ती तिथल्याच गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसली. बसली म्हणण्यापेक्षा कोसळली. आईही खाली बसलेली पाहून गबदूला फार आनंद झाला. त्याने तिच्यासाठीही टाळ्या वाजवल्या.

हळूहळू उलगडा झाला, आणि उलगडा ऐकून ती आणखीच सुन्न झाली.

झालं होतं असं. गबदूचा पहिला दात सासूबाईंनी पाहिला होता आणि दुकानात फोन करून ओरडून सांगितला होता. तिने बुटांच्या खोक्यांमागे उभं राहून डोळे पुसले होते. तो पहिल्यांदा खदखदून हसला तो नवऱ्याच्या शिंकेला. मग एके दिवशी जेवताना तिने सगळ्यांसमोर बजावलं होतं, काकाही होते त्या दिवशी: "पहिलं पाऊल तरी मला बघू द्या. एवढं एक माझ्यासाठी ठेवा." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

आणि पोराने पहिलं पाऊल टाकलं ते ती दुकानात असताना.

"मी ठरवलं," सासूबाई म्हणाल्या, "तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. ह्याला तर मुळीच सांगायचं नाही, ह्याच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"आणि मी आईला सांगितलं नाही," नवरा म्हणाला, "कारण तिला सांगणं म्हणजे अख्ख्या गल्लीला टपाल टाकणं."

"पण मग संध्याकाळी माझ्यासमोर चालू द्यायचा ना त्याला!" ती म्हणाली.

तिघंही खाली बघायला लागले.

"अगं, चालू देणारच होते," सासूबाई म्हणाल्या. "पण त्या दिवशी तू आलीस तेव्हा तो पेंगुळला होता. दुसऱ्या दिवशी तुला उशीर झाला. तोवर हा मेला सराईतच झाला! पहिलं पाऊल कसं लटपटतं हवं. हा तर टेबलाला वळसा घालून यायचा. तू लहान मुलांचे पाय रोज बघतेस. एका नजरेत ओळखलं असतंस की हे शिळं पाऊल आहे म्हणून."

"म्हणून?"

"म्हणून... तुझी चाहूल जिन्यावर लागली की मी म्हणायची, आई आली, बस. बसला की शाब्बास. आणि बिस्किट."

"मी पण," नवरा पुटपुटला. "दुपारी आई झोपली की त्याला बूट घालून आम्ही घरभर फिरायचो. पण दारावर टकटक झाली की, आई आली, बस. आईच असेल असं नाही, पण आपलं सावध राहिलेलं बरं."

काकांनी घसा साफ केला. "वहिनी ह्याला बूट घालून खाली सोडून गेल्या की मी सुद्धा हेच म्हणायचो. मी मात्र दोन बिस्किटं द्यायचो."

तिघं, तीन ठिकाणी, एकमेकांना न कळता, एकाच पोराला एकच धडा रोज घोटून शिकवत होते. असा मन लावून शिकणारा विद्यार्थी मिळायलाही नशीब लागतं.

"आणि डॉक्टर? ते जर पाय तपासायला बसले असते तर?"

"तेच तर!" नवरा म्हणाला. "कालपासून माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये."

तिने फोन काढला आणि दवाखान्यात वेळ रद्द करायला सांगितली. पलीकडच्या बाई खूश झाल्या. "चालायला लागला? अरे वा! कधीपासून?" तिने फोनवर हात ठेवून तिघांकडे पाहिलं. "कधीपासून?"

"पाण्याची टाकी धुतली त्या दिवशी," सासूबाई म्हणाल्या.

"छे, त्याच्या कितीतरी आधी," नवरा म्हणाला. "मला सर्दी झाली होती तेव्हा. पलंगापासून खुर्चीपर्यंत आला होता. मी पाहिलं पहिल्यांदा."

"तुझ्या सर्दीला काय, ती बारमाही असते! मी पाहिलं पहिल्यांदा."

"तसं म्हटलं तर," काका हळूच म्हणाले, "ते मोठं लंबकाचं घड्याळ दुरुस्तीला आलं होतं ना, तेव्हा हा लंबकाकडे..."

आणि तिच्यासमोरच तिघं भांडायला लागले, पहिलं पाऊल नक्की कुणाचं म्हणून. दवाखान्यातल्या बाई "हॅलो, हॅलो" करत राहिल्या. तिने फोन बंद केला.

ती दुपार दुकानात कशी गेली तिचं तिला माहीत. एका मुलीला तिने दोन्ही उजवे बूट घातले.

संध्याकाळी घरात प्रयोग सुरू झाले. तिने दारातून आत यायचं, गबदू धप्प. टाळ्या. परत बाहेर जायचं, परत आत. धप्प. नवऱ्याने त्याला उभं करून हात सोडले, पाय दुमडून खाली. ती पडद्याआड लपली तर हा मजेत खिडकीपर्यंत गेला. पडदा हलला, बस्स, बैठक. नवऱ्याची टोपी डोक्यावर घालून, मान खाली घालून ती आली. गबदू तिच्याकडे बघून खळखळून हसला आणि बसूनच हसला. बिस्किट आईच्या हातात देऊन पाहिलं. त्याने जागेवरूनच हात लांब केला. काम तर आपण चोख केलंय, मग मजुरी इतकी लांब का?

"पोर हुशार हो," सासूबाईंच्या तोंडून निघून गेलं. "एकदा शिकवलं की विसरत नाही."

तिने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. सासूबाईंनी जीभ चावली.

ती चटईवर त्याच्यासमोर बसली. रागवायचं होतं तिला, चांगलं घर दणाणून सोडायचं होतं. पण आवाज निघाला तो वेगळाच. "पहिलं पाऊल कुणी का बघेना. मला नाही त्याचं काही. पण दुकानात मुलं आईकडे धावत येतात ना, मी बूट घालून दिले की... मी रोज बघते. मला एकदा तसं हवंय. मी घरी यावं आणि त्याने उठून माझ्याकडे यावं. हा सगळ्या जगाकडे चालत जातो. फक्त मी आले की बसतो."

नवरा तिच्या शेजारी येऊन बसला. सासूबाई पदराशी चाळा करत राहिल्या. गबदूने इकडेतिकडे पाहिलं. सगळेच बसलेत, म्हणजे आई आलीय आणि सगळं जिथल्या तिथे आहे, असं त्याला वाटलं असावं. त्याने तिच्या मांडीवर डोकं टाकलं.

सकाळी घर गुपचूप होतं. सासूबाईंनी न सांगता तिचा डबा भरला, नवऱ्याने रजा टाकलेली, काका कुठलंसं घड्याळ विचारायच्या निमित्ताने वर येऊन दाराशी घुटमळत होते. तिने दुकानाचा कोट घातला, पिशवी खांद्याला लावली. रोज ती गबदूसमोर वाकून त्याचे पापे घ्यायची, मग निघायची. आज तिला ते बसणं बघवेना. त्याच्याकडे पाठ करूनच ती म्हणाली, "येते रे, राजा," आणि दाराबाहेरच्या लांबलचक वऱ्हांड्यातून जिन्याकडे चालू लागली.

दोनचार पावलं गेली असेल. मागे आवाज आला.

थप.

मग थप, थप.

हा आवाज ती झोपेतही ओळखेल. छोटी टाच, बाहेरच्या कडेवर, उजवी जरा जड. आई आली की बसायचं, हे त्याला पढवलं होतं. आई निघाली की काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

ती वळणारच होती. मान अर्धी वळलीही. आणि तिला कळलं की वळले तर धप्प! ती होती तशी थांबली. मग जपून, खांद्यावर काठोकाठ भरलेली घागर असल्यासारखी, तिने एक पाऊल पुढे टाकलं. मागे थपथप. आणखी एक. थपथप.

"आला," दारातून सासूबाई कुजबुजल्या. "अगं, येतोय बघ. बघ म्हणजे, बघू नकोस!"

"पुढे जा, पुढे जा," नवऱ्याचा आवाज फाटला होता. "हात पसरलेत त्याने. भिंतीला धरत पण नाहीये."

"जरा हळू, पोरी," काका म्हणाले, "तो मागे पडतोय."

ती हळू झाली. डोळ्यांसमोर फक्त वऱ्हांड्याची भिंत, तिच्यावरचा पोपडा, आणि तोही आता पाण्यातून दिसावा तसा. पुढे जिना आला. तिथे तिला थांबावंच लागलं, कारण त्याच्या पुढे त्याला येऊ देणं शक्य नव्हतं. मागची थपथप जवळ आली, घाईला आली, शेवटी जरा अडखळली. तिघांनी एकदम श्वास रोखला. आणि तिच्या कोटाची मागची कड खाली ओढली गेली. एका लहानशा मुठीने ती घट्ट धरली होती, आणि गुडघ्याच्या मागे एक ऊन ऊन कपाळ येऊन टेकलं.

"उभाच आहे," नवरा म्हणाला. "अगं, उभाच आहे तो."

दुकान उघडायची वेळ टळून गेली होती. ती तशीच राहिली, जिन्याकडे तोंड करून, त्या मुठीची पकड सुटू नये म्हणून श्वाससुद्धा हळू घेत.